मोठ्या पडद्याचा मोबाइल : इंच ऐकू नका, पन्हा मोजा

कापडाच्या बाजारात नवे गिऱ्हाईक आले की ते आधी रंग पाहते आणि मग भाव विचारते. जुने गिऱ्हाईक मात्र पहिला प्रश्न करते, "पन्हा किती?" मीटरचा भाव कितीही कमी असला तरी पन्हा छत्तीसचा आहे की चव्वेचाळीसचा, हे कळल्याशिवाय त्या भावाला अर्थ नसतो. आपण व्यापारी लोक कापडात ही चूक कधी करत नाही. मोबाइल घेताना मात्र हमखास करतो. दुकानातला पोरगा "चाचा, सहा पूर्णांक सात इंच आहे, सिनेमागृहच समजा" म्हणतो आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो.

मोबाइल आता चैनीची चीज राहिलेली नाही. वसुली त्यावर, युपीआय त्यावर, मालाचे फोटो त्यावर, जीएसटीचे बिल त्यावर आणि वाहतुकीची बिल्टीही त्यावरच येते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे सारे वाचायचे तर पडदा मोठा हवाच. म्हणून गेल्या काही महिन्यांत घरच्यांसाठी आणि दुकानासाठी फोन पाहताना जे शिकलो, ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहे.

इंच म्हणजे काय?

कंपनी जो इंचाचा आकडा सांगते, तो पडद्याची लांबीही नसते आणि रुंदीही नसते. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे ते माप असते. शाळेत आपण ज्याला कर्ण म्हणत होतो, तोच. पडदा उंच आणि अरुंद केला की कर्ण वाढतो, पण रुंदी वाढत नाही. व्यापाऱ्याचे काम तर रुंदीत असते. बिलातले रकाने, खातेवहीची ओळ, वर्तमानपत्राचे पान, सारे आडवे पसरते.

आता हिशेब पाहा. सॅमसंगने २०११ मध्ये पहिला गॅलेक्सी नोट काढला, तेव्हा त्याचा ५.३ इंचांचा पडदा पाहून लोक हसले होते. कानाला पाटी लावल्यासारखे दिसते, असे म्हणत. त्या पडद्याची रुंदी होती सुमारे ७१ मिलिमीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याकडे आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जी फोनचा पडदा ६.७ इंचांचा आहे आणि त्याचीही रुंदी सुमारे ७१ मिलिमीटरच आहे! सव्वा इंचाहून जास्त वाढ झाली, ती सगळी उंचीत गेली.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेडमी नोट १४ फाइव्ह-जीचा पडदा ६.६७ इंचांचा. ए१६ आणि हा, दोघांच्या आकड्यांत फरक फक्त ०.०३ इंचाचा, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. पण रेडमीचा पडदा जास्त निमुळता असल्याने त्याची रुंदी साडेएकोणसत्तर मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे पन्ह्यात जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक. हातावर घेतला तर कळणार नाही, पण बिलाचा शेवटचा रकाना वाचताना कळतो.

महागड्या फोनांत सॅमसंग एस२५ अल्ट्रा (जानेवारी २०२५) आणि आयफोन १६ प्रो मॅक्स (सप्टेंबर २०२४) हे दोघे ६.९ इंचांचे. दोघांचा पन्हा सव्वात्र्याहत्तर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बरोबरीचा. वनप्लस १३ (जानेवारी २०२५) ६.८२ इंचांचा आहे, त्याचा पन्हा पावणेबाहत्तरच्या जवळ. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो मॅक्स आला, त्याचाही पडदा ६.९ इंचांचाच आहे.

यातून निघणारी गोष्ट अशी : अठरा-वीस हजारांचा फोन आणि सव्वा लाखाचा फोन, यांच्या पन्ह्यात फरक आहे दोन ते चार मिलिमीटरचा. फक्त मोठ्या पडद्यासाठी कोणी लाख रुपये जास्त मोजत असेल तर त्याने थांबून विचार करावा. दुकानात जाताना खिशात टेप ठेवा आणि पडदा आडवा मोजा. आपल्या धंद्यात टेप काढायची कसली लाज?

रंगाची गोष्ट

आता एक अनुभव सांगतो. तो सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण चूक माझीच होती.

२०२२ च्या लग्नसराईआधी विदर्भातल्या एका किरकोळ व्यापाऱ्याला मी साड्यांचे फोटो पाठवले. माझ्या फोनवर एक रंग खासा गाजरी दिसत होता. त्यांच्याही फोनवर तसाच दिसला. त्यांनी चाळीस नग मागवले. माल पोहोचला आणि संध्याकाळी फोन आला, "भाईजान, गाजरी मागवली होती, तुम्ही अबोली पाठवली." मी ठाण्यातून त्याच साडीचा दुसरा नग काढला, दाराशी उजेडात नेला आणि शेजारी फोन धरला. साडी अबोलीच होती. गाजरी फक्त पडद्यावर होती. माल परत घेतला, जाण्या-येण्याचे भाडे मीच सोसले. भाड्याचे दुःख नव्हते. पंचवीस वर्षांच्या गिऱ्हाइकाच्या आवाजात त्या दिवशी जो संशय आला होता, तो जायला दोन हंगाम लागले.

हे का घडते, ते समजून घेतले पाहिजे. आजकालच्या बहुतेक मोठ्या फोनांना ॲमोलेड जातीचा पडदा असतो. हा पडदा काळा रंग अगदी काळा दाखवतो आणि बाकीचे रंग जात्याच भडक दाखवू शकतो. दुकानात रांगेत मांडलेल्या फोनांत आपलाच उठून दिसावा म्हणून बऱ्याच कंपन्या तो भडकपणा आधीच चालू करून देतात. सॅमसंगच्या फोनात सेटिंग्जमध्ये डिस्प्ले आणि त्यात स्क्रीन मोड असते. तिथे 'विव्हिड' आणि 'नॅचरल' असे दोन पर्याय असतात. विव्हिड म्हणजे भडक, नॅचरल म्हणजे साधा. रेडमी आणि वनप्लसमध्येही अशीच निवड वेगळ्या नावांनी असते. आयफोनात असा भडक-साधा पर्याय नसतो, त्याचे रंग मुळातच बेताचे ठेवलेले असतात. म्हणून रंगाचा धंदा करणारे आयफोनाला पसंती देतात, त्यात तथ्य आहे. पण आयफोनातही 'ट्रू टोन' आणि 'नाइट शिफ्ट' चालू असेल तर पांढरे कापड पिवळट दिसते. रंग मिळवताना दोन्ही बंद करावेत. बाकीच्या फोनांतले डोळ्यांना आराम देणारे पिवळे दिवेही तसेच.

मात्र सव्वा लाख खर्च न करताही हे काम होते. फोन साध्या रंगावर ठेवा. फोटो दाराच्या सावलीत, दिवसाच्या उजेडात काढा. ट्यूबच्या प्रकाशात मोरपंखी आणि रामा हिरवा यांची गल्लत होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. फोटो काढल्यावर कापड आणि पडदा शेजारी धरून पाहा. रंग जुळत नसेल तर फोटोखाली तसे लिहा, "प्रत्यक्षात रंग थोडा फिका आहे." आणि मोठा सौदा असेल तर कापडाचा तुकडा पोस्टाने पाठवा. रंगारी अजूनही शेडकार्डावरच काम करतो, तो काही वेडा नाही.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान करून जातो आणि विणीचा पोत हरवतो. ऑगस्ट २०२३ पासून त्यात एचडीचा पर्याय आला आहे, तो वापरावा. किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे जसाच्या तसा जातो.

हा विषय केवळ तंत्राचा नाही. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना किती सख्त ताकीद आहे, हे आपण सारे जाणतो. मालातला ऐब झाकून विकणेही आपल्या दीनमध्ये मना आहे. भडक पडद्यावरचा फोटो दाखवून फिका माल देणे हे त्याच वाटेवरचे आहे. नकळत झाले तर चूक, कळल्यावर केले तर फसवणूक. म्हणून फोन घेताना 'कोणाचा पडदा जास्त झळकतो' हा प्रश्न आपल्या कामाचा नाही. 'कोणाचा पडदा खरे बोलतो' हा आहे.

नजर, अक्षर आणि उर्दू

चाळिशी लागली की लहान अक्षर दूर धरून वाचावे लागते. मोठ्या पडद्यावर अक्षर आपोआप मोठे होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सेटिंग्जमध्ये जाऊन फॉन्टचा आकार वाढवावा लागतो. तो वाढवला की ओळीत कमी शब्द मावतात आणि मग पन्ह्याची खरी किंमत कळते. दुकानात फोन पाहताना अक्षर आपल्याला लागते तेवढे मोठे करून घ्या आणि मग एखादे बिल उघडून पाहा. तीच खरी परीक्षा.

आपल्यापैकी जे उर्दू शाळेत शिकले, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. उर्दू आपण नस्तालीक वळणात वाचत आलो आहोत. पुष्कळ फोनांत मात्र ती अरबी छापाच्या नस्ख वळणात दिसते. वाचता येते, पण जीव रमत नाही. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून आयफोनात उर्दूसाठी नस्तालीक दिले. दुसऱ्या फोनात हे कसे दिसते, ते घेण्याआधी एखादा उर्दू संदेश उघडून पाहावे. नस्तालीकची ओळ तिरकी उतरते, तिला उंची जास्त लागते. त्या कामी मात्र आजचे उंच पडदे उपयोगी पडतात, हे कबूल केले पाहिजे.

सॅमसंगच्या अल्ट्रा फोनात लेखणी येते. ती सुरुवातीपासून नोट मालिकेची खासियत होती. नोट मालिका २०२० मध्ये थांबली आणि २०२२ च्या एस२२ अल्ट्रापासून लेखणी त्या फोनाच्या पोटात आली. डिझाइनच्या फोटोवर हाताने खूण करून "ही बुट्टी मोठी करा" असे कारागिराला सांगायचे असेल तर ती फार सोयीची. भरतकाम, छपाई, फर्निचर करणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. ज्याला अशी खूण करायची नाही, त्याने तिचे पैसे देऊ नयेत.

खिसा आणि बॅटरी

एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा, आयफोन १६ प्रो मॅक्स २२७ ग्रॅमचा. वनप्लस १३ त्यांच्याहून थोडा हलका. वर जाड कव्हर घातले की पाव किलो झालेच. कुर्त्याच्या बाजूच्या खिशात हे वजन ठेवले की एक बाजू लोंबते, आणि रुकूत गेल्यावर वरच्या खिशातला फोन सफेवर पडतो. हसण्यावारी नेऊ नका. दिवसभर गाठी उचलणाऱ्या आणि मोटारसायकलवर फिरणाऱ्या माणसाने फोन खिशात घालूनच पाहावा. एका हाताने अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो का, तेही पाहावे. दुसऱ्या हातात नेहमी कापड असते.

बॅटरीत वनप्लस १३ पुढे आहे, ६००० एमएएच. एस२५ अल्ट्रा आणि ए१६ यांची ५०००, रेडमीची ५११०. भरण्याच्या वेगातही वनप्लस १०० वॉटचा, एस२५ अल्ट्रा आणि रेडमी ४५ चे, ए१६ फक्त २५ चा. जिथे दिवसातून दोनदा वीज जाते तिथे हा फरक मोलाचा. ॲपलने २०२० पासून आणि सॅमसंगने २०२१ पासून महागड्या फोनांबरोबर चार्जर देणे बंद केले, पुढे ए१६ सारख्या स्वस्त फोनातूनही सॅमसंगचा चार्जर गेला. तो खर्च आधीच धरावा.

दोन सिमकार्डे वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की आपल्याकडच्या आयफोन १६ मध्ये एकच प्रत्यक्ष सिम बसते, दुसरे ई-सिम घ्यावे लागते. मेमरी कार्डाची सोय वरच्या तीनही महागड्या फोनांत नाही, ए१६ मध्ये आहे. ज्यांच्याकडे डिझाइनचे हजारो फोटो साठले आहेत, त्यांना हे उपयोगी.

टिकाऊपणाचा हिशेब

कापड किती धुण्यांत टिकेल हे आपण विचारतो. फोनाचे आयुष्य काचेवर कमी आणि कंपनीच्या सुधारणांवर जास्त ठरते. सुरक्षेच्या सुधारणा थांबल्या की चोराला वाट मिळते, आणि काही वर्षांनी ॲपही साथ सोडतात. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप अँड्रॉइड ४.४ वरच्या जुन्या फोनांत बंद झाले, हे अनेकांनी अनुभवले असेल.

एस२५ अल्ट्राला कंपनीने सात वर्षांच्या सुधारणांचा वायदा केला आहे. वनप्लस १३ ला सुरक्षेच्या सहा वर्षांचा. ए१६ सारख्या स्वस्त फोनालाही सहा वर्षांचा, ही या वर्गात मोठी गोष्ट आहे. त्याच भावाच्या रेडमीची मुदत याहून कमी आहे. ॲपलचा आजवरचा रिवाज चांगला आहे : २०१८ चा आयफोन एक्सआर २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत चालत आला.

आता रोजचा भाव काढू. एस२५ अल्ट्रा आला तेव्हा १,२९,९९९ रुपयांपासून होता. सात वर्षे चालला तर रोजचे सुमारे ५१ रुपये. वनप्लस १३ होता ६९,९९९ चा, सहा वर्षांनी रोजचे ३२. ए१६ होता १८,९९९ चा, सहा वर्षांनी रोजचे पावणेनऊ रुपये. आयफोन १६ प्रो मॅक्स १,४४,९०० चा होता, तोही सात वर्षे धरला तर रोजचे ५७ च्या जवळ. मध्ये एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च सगळ्यांनाच येणार.

एक सावधगिरी. ही मुदत फोन बाजारात आल्याच्या दिवसापासून धरतात, आपण घेतल्याच्या दिवसापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोन सुटीत स्वस्त मिळाला तर दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. भाव तेवढा उतरला असेल तरच घ्यावा.

बिल, हप्ते आणि जुना माल

मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, आधी तो १२ होता. धंद्यासाठी फोन घेत असाल तर बिल फर्मच्या नावाने, जीएसटी क्रमांक घालून घ्या. १८,९९९ च्या बिलात कराचे सुमारे २,९०० रुपये असतात, सव्वा लाखाच्या वरच्या फोनात वीस हजारांच्या जवळ. नियमित करदात्याला त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही. घरच्या वापराचा फोन धंद्याच्या बिलात घुसवू नये, हे वेगळे सांगायला नको.

'बिनव्याजी हप्ता' ही पाटी पाहून पुष्कळ बांधव निर्धास्त होतात. आत काय असते ते पाहा. क्रेडिट कार्डावर बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आपल्या माथी येतो. कार्डाच्या हिशेबात 'व्याज' हा शब्द स्वच्छ छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. शरीयतचा मसला आपापल्या उलेमांना विचारावा, मी व्यापारी माणूस आहे. पण ज्याला सूदपासून दूर राहायचे आहे त्याने पाटीवर नव्हे, हिशेबाच्या कागदावर विश्वास ठेवावा. जमेल तेवढ्या पैशांत रोखीने घेतलेला लहान फोन हप्त्यांच्या मोठ्या फोनापेक्षा शांत झोप देतो.

जुना फोन घेणाऱ्यांनी *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा आणि सरकारच्या संचार साथी सेवेवर तो तपासावा. २०२३ पासून ही सेवा सुरू आहे. चोरीचा माल नकळत घेतला तरी त्रास आपल्यालाच होतो. आपला फोन हरवला तर तो याच ठिकाणी बंदही करता येतो. त्याच वेळी सिम आणि बँकेलाही कळवावे, कारण युपीआय सिमशी बांधलेले असते.

कोणी काय घ्यावे?

ज्याचे काम बोलणे, वसुली, बिले आणि मालाचे फोटो एवढेच आहे, त्याला ए१६ च्या वर्गातला फोन पुरतो. पन्हा बरा, मुदत लांब, रोजचे नऊ रुपये. जो दिवसभर फिरतीवर असतो आणि ज्याला बॅटरीची चिंता असते त्याने वनप्लसचा विचार करावा. डिझाइनवर हाताने काम करणाऱ्याला अल्ट्राची लेखणी पैसे वसूल करून देईल. रंग हाच ज्याचा धंदा आहे, परदेशी किंवा मोठ्या शहरांतल्या ग्राहकांशी सौदा आहे, किंवा ज्याला उर्दू नस्तालीकमध्ये वाचायची आहे, त्याने आयफोन हातात घेऊन पाहावा. बाकी दिखाव्यासाठी घ्यायचा असेल तर मला विचारू नका.

मी स्वतः ए१६ घेतला. पहिल्याच दिवशी पडदा 'नॅचरल'वर केला. मुलगा म्हणाला, "अब्बा, रंग उडाल्यासारखे दिसतात." मी त्याला अबोली साडी दाखवली आणि फोन शेजारी धरला. दोघे सारखे दिसत होते.

त्याच आठवड्यात विदर्भातल्या त्या व्यापाऱ्यांना नवे फोटो पाठवले. खाली लिहिले, "जसे दिसते तसेच आहे." ऑर्डर आली, माल गेला, परत आला नाही.